नावाची जागा

“आज मागायचं नाही,” सॅमसन पेणकर म्हणाले. “शब्बाथ लागलाय.”

“आईचे पाय बघितलेत का, पप्पा? सूज उतरत नाहीये. श्वास लागतोय तिला.”

“बघितले.”

“मग एक नाव घेतलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?”

मनुकांच्या सरबताचा पेला उचलून पेणकर आशीर्वाद म्हणू लागले. रुचिरा दातओठ खात उभी राहिली.

सहा महिने हा माणूस दिवसातून तीनदा पश्चिमेकडे, जेरुसलेमच्या दिशेने, तोंड करून उभा राहत होता. प्रार्थना ठरलेली, एकामागून एक आशीर्वादांची, शब्दही ठरलेले. पण आजार बरे करणाऱ्या देवाच्या आशीर्वादात आपल्या माणसाचं नाव घालायला जागा असते. आधी आजाऱ्याचं नाव, मग त्याच्या आईचं. तिथे ते रोज आईचं नाव घेत, ‘मृदुला बत मिल्का.’ मिल्काची लेक मृदुला. खरं तर ही प्रार्थना ओठांतल्या ओठांत म्हणायची, पण मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात पस्तीस वर्षं काढून पेणकरांचे कान गेले होते. त्यांची कुजबुज आतल्या खोलीपर्यंत स्पष्ट ऐकू येई.

दहावीला असताना रुचिराने हट्ट धरला होता, माझंही नाव तिथे घाला ना. ते केवढ्यांदा खेकसले होते! “तिथे फक्त आजारी माणसाचं नाव. परीक्षेसाठी मागायची जागा पुढे आहे.” नियम म्हणजे नियम. आणि शुक्रवारी सूर्यास्ताला लागणारा शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शनिवारी तारे दिसेपर्यंत चालतो; त्याच्या प्रार्थनेतून तर या मागण्याच वगळलेल्या असतात.

आईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. रुचिरा पुण्याची नोकरी सोडून झाशीला आली ती स्वतःची एक द्यायचीच असं ठरवून. रक्तगट जुळला होता. बाकीच्या तपासण्यांचे रिपोर्ट आज, शुक्रवारी, मिळणार होते. ते आणायला पप्पा एकटेच गेले. बाराला गेलेला माणूस दिवे लावायच्या वेळेला परतला.

“आले नाहीत,” त्यांनी दारातच सांगून टाकलं. “सोमवारी बोलावलंय. तू येऊ नकोस, मीच जाईन.”

“मग इतका वेळ काय करत होतात?”

“बसलो होतो.”

त्यांनी स्वतःचा फोन बंद केला. तो ते दर शुक्रवारी करत. मग हात पुढे करून म्हणाले, “तुझाही दे.” हे मात्र नवीन होतं.

शनिवारी सकाळी शेजारच्या जानकीभाभी आईला बघायला आल्या आणि रुचिराच्या उतरलेल्या अंगाकडेच बघत राहिल्या. “अरे, बिटिया तो आधी रह गई!”

“भागदौड़ है, भाभी,” रुचिरा हसली. पप्पा उठून गच्चीत गेले.

दुपारी ती पाण्याची बादली उचलायला वाकली, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. “ठेव. मी नेतो.” सत्तरीचा माणूस, धापा टाकत बादली घेऊन गेला.

रुचिरा त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. रिपोर्ट आले असणार. किडनी जुळत नसणार. म्हणून तर पप्पा इतकं गोड वागताहेत, म्हणून तर फोन काढून घेतलाय. त्यांनी आशाच सोडली असेल, तर आज संध्याकाळीही ते आईचं नाव घेणार नाहीत. त्यावरून कळेलच सगळं.

“भांडू नकोस त्यांच्याशी,” आई पडल्या पडल्या म्हणाली. “काल रात्रभर टक्क जागे होते. मी बघत होते ना.”

“तुझ्यासाठी जागायचं, आणि मागायचं मात्र नाही!”

“मागतील गं. शब्बाथ सुटू दे.”

घराजवळच्या खंडेराव गेटावरचा संध्याकाळचा उजेड विझला. गच्चीवरून तीन तारे दिसले. पप्पांनी शब्बाथ सुटल्याची मेणबत्ती सरबतात विझवली, पुस्तक घेतलं, तीन पावलं पुढे टाकून उभे राहिले. आतल्या खोलीत रुचिराने आईचा हात घट्ट धरला आणि कान देऊन बसली.

पहिला आशीर्वाद. दुसरा. तिला आता क्रम पाठ झाला होता. सातवा झाला. आता तो. पप्पांचा आवाज अडखळला.

“मृदुला बत मिल्का.”

घेतलं! तिच्या डोळ्यांना धार लागली. म्हणजे आशा होती. उगाच आपण नाही नाही ते मनात आणलं. आईनेही डोळे मिटून मान हलवली, बघ, सांगितलं नव्हतं का?

पण पप्पा पुढच्या आशीर्वादाकडे वळले नव्हते. मग त्यांनी घसा खाकरला आणि त्याच जागी आणखी एक नाव घेतलं.

“रुचिरा बत मृदुला.”