बाळाबाईचं लिंपण

“साहेब, भिंत नगा फोडू. आधीच खिळखिळी झालीया, अंगावर यील,” बाळाबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

साहेब म्हणजे नानासो. गावोगावच्या शाळांत ते मधमाश्या पाळायला शिकवायचे. त्यांनी नुसतं हसून घेतलं आणि पडवीच्या भिंतीवर धूर सोडला. अंगणात चौथीचा वर्ग मांडी घालून बसला होता. शाळेला मधपेटी मिळाली होती, पण पेटीत घालायला माशाच नव्हत्या. मेढ्याजवळच्या या वस्तीत माशांचं घर होतं ते एकट्या बाळाबाईच्या भिंतीत. आणि वर्गाचा मास्तर होता तिचाच लेक, जालिंदर. त्याने आईला न विचारता होकार देऊन टाकला होता.

बाळाबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. ती उंबऱ्यावर बसली, उठली, पोरांना उगाच पाणी दिलं, पुन्हा बसली.

त्या भिंतीत एक कोनाडा होता, हंडा मावेल एवढा. आठ वर्षांपूर्वी, छप्पन साली, अख्ख्या वस्तीने बौद्ध धम्म घेतला. घराघरातले देव पाटीत गोळा करून वेण्णा नदीच्या पाण्यात सोडायचं काम जालिंदरनेच पुढे होऊन केलं. बाळाबाईने सगळे देव दिले, एक सोडून. देवीचा चांदीचा टाक तिने फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवला आणि वरून कोनाडाच लिंपून टाकला. धम्म तिला पटला होता. ताठ मानेनं चालायला तिलाही आवडत होतं. पण तीन लेकरं मातीआड गेल्यावर याच देवीपुढे तिने पदर पसरला होता आणि मग जालिंदर जगला होता. देवीला पाण्यात लोटलं आणि तिने लेकाला नेलं, तर? लेकाच्या जिवाशी खेळ तिला जमला नाही.

पुढच्याच वर्षी लिंपणाच्या कोपऱ्यातून माशा आत शिरल्या. तिथे बोटभर भोक होतं. बाळाबाईला त्याचा भारी राग आला होता, कारण तिचं लिंपण म्हणजे वस्तीत वाखाणलं जायचं. त्यात भोक राहील तर शपथ! उंदराचं काम असेल म्हणून तिने सोडून दिलं. नाहीतरी माशा सोयीच्याच होत्या. त्यांच्या भीतीने भिंतीकडे कुणी फिरकत नसे. सकाळी झाडता झाडता ती भिंतीला हात लावायची आणि तोच हात कपाळाला न्यायची, लेकाचं लक्ष नाही असं बघून.

नानासोंनी खुरप्याने लिंपण उकरलं. पहिलं ढेकूळ खाली पडलं आणि बाळाबाई पुन्हा उठून उभी राहिली.

“ही सातेरी माशी,” नानासो पोरांना म्हणाले. “अंधारात राहते, एकामागं एक पोळी बांधते. आता सांगा, न चावणारी माशी कुठली?”

“पोयाची!” वर्ग ओरडला.

“शाब्बास. ही मात्र चावते. तेव्हा हलायचं नाही.”

पोरं हलली नाहीत. हलत होती ती बाळाबाईच. पहिलं पोळं नानासोंनी सुरीने कापून पेटीच्या चौकटीत बसवलं आणि केळीच्या सोपटाने बांधलं. मग दुसरं, मग तिसरं. दर पोळ्यामागे तिची नजर फडकं शोधत होती. ते निघालं की तीस पोरं तीस घरी जाऊन सांगणार, मास्तरच्याच घरात देवी होती म्हणून! दारोदार हिंडून लोकांना समजावणारा तिचा लेक. वस्तीत तोंड कसं दाखवणार तो? चौथ्या पोळ्यापाशी तिला राहवलं नाही.

“बास की आता! थोडं ऱ्हाऊ द्या गरिबांस्नी.”

“आवं मावशी, राणी आतच हाय अजून. ती पेटीत गेली की बाकीच्या आपसूक जातील.”

“काय होत न्हाई, आई,” जालिंदर म्हणाला.

याला काय माहीत! बाळाबाईने पदराचा बोळा तोंडाशी धरला.

सातवं पोळं निघालं. राणी सापडली, पेटीत गेली आणि माशांची काळी धार तिच्यामागे वाहू लागली. पोरं उठून पेटीभोवती जमली. नानासोंनी कोनाड्यात कोपरापर्यंत हात घालून मेणाचा चुरा बाहेर ओढला.

“झाला साफ,” म्हणत ते पेटीकडे वळले.

साफ? बाळाबाई उरल्यासुरल्या माशांची पर्वा न करता पुढे गेली आणि तिने कोनाडा चाचपला. माती होती, थोडं मेण होतं. फडक्याची चिंधीसुद्धा नव्हती. देवी रुसून निघून गेली होती. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिने घाबऱ्या डोळ्यांनी लेकाला शोधलं.

जालिंदर मधाने माखलेले हात घेऊन तिच्या शेजारी येऊन टेकला.

“आई, आत काय नव्हतंच,” तो हळूच म्हणाला. “तू लिंपलंस ते मला दिसलं हुतं. दुसऱ्या दिशी तू भांगलायला गेलीस, तवा मी टाक काढला अन् वेण्णेत सोडला.”

“आठ वर्सं झाली?”

“आठ वर्सं. तुझा हात भिंतीला लागायचा, तवा सांगाया जीभ रेटली न्हाई.”

बाळाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तिशीचा धडधाकट गडी, माशी चावून एक कान तेवढा टम्म फुगलेला. आठ वर्षांत त्याने एकदाही अंथरूण धरल्याचं तिला आठवेना. तिला रडू आलं आणि हसूही आलं. तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

“मग परत लिंपलं कुनी?”

“मीच.” त्याने बोटावरचा मध चाटला. “पर तुझ्यागत मला कुठं येतंय? कोपऱ्यात भोक ऱ्हायलं.”