सळई

शाडूच्या पुतळ्यावरचं ओलं फडकं काढून मी बाजूला झालो. लेक बसली होती, अगदी ताठ, तिला हवं होतं तशी. "बाबा, पुतळ्यांना घालतोस तशी मलाही आतून सळई घाल ना," म्हणायची. तिच्या वाकड्या कण्याला डॉक्टरांनी सळया बसवल्याही. पण ऑपरेशननंतर ती शुद्धीवर आलीच नाही.

बायको जवळ आली. लेकीच्या पाठीला रोज तेल चोळायची, तसाच तिने पुतळ्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला.

"पाठीतला बाक कुठाय हिच्या?"

"तिला नको होता गं तो."

"माझ्या हाताला ओळखूच येत नाहीये ही."

मी ओल्या शाडूत दोन्ही हात रुतवले, आतली सळई धरली आणि वाकवू लागलो.

बायकोने माझं मनगट पकडलं.

"अहो, जरा हळू. तिथे दुखतं तिला."