जाडच सुई

सोनोग्राफीच्या टेबलावर पडलेल्या माझ्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजी, स्तनातल्या गाठीतून बारीक सुईनं थोड्या पेशी निघतात, पण कधी पुन्हा टोचावं लागतं. जाड सुईनं तुकडाच निघतो, निदान पक्कं होतं.”

“बारीकच घ्या! नाजूक आहे हो ती,” मी म्हणालो.

“तुम्ही गप्प बसा. जाडच घाला, बाई. कॅन्सर असेल तर एकदाच कळू दे,” ही म्हणाली.

तेवढ्याच जागेला भूल देऊन, पडद्यावर बघत बाईंनी सुई सरकवली. सुईचा खटका वाजला तो बंदुकीचा बारच! हिची पापणीसुद्धा हलली नाही. नर्सनं पाणी पाजलं ते मला.

गाठ साधी निघाली. टपरीवर मी सुई पहारीएवढी करून सांगतो. हिचा धीर मात्र होता तेवढाच सांगतो. त्यात भर घालायला जागाच नाही.