न भरणारी बादली

"तुमच्या मुलीनं शाळेची टाकी रिकामी केली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "एकदा नाही, चारदा. मधल्या सुट्टीनंतर बाथरूमला जाते, आतून कडी लावते आणि नळ सोडून बसते. तासच्या तास बुडतात. पहिल्या पाचांत असायची, आता तीन विषयांत नापास. असंच चाललं तर परीक्षेचा फॉर्म मी भरून घेणार नाही."

आई खुर्चीच्या काठावर ताठ बसली होती. कपड्यांच्या कारखान्यात तीस शिलाई मशिनं तिच्या हाताखाली चालत. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती, आणि रजा हा शब्द तिला शिवीसारखा लागे. गेल्याच महिन्यात एक कारागीर बाई तिला म्हणाली होती, "ताई, जीव घाबरतो, हात चालत नाही." आईनं तिला सगळ्यांदेखत ऐकवलं, "कॉलर शिवायला जीव लागत नाही, हात लागतो. तो चालव." दुसऱ्या दिवसापासून त्या बाईचं मशीन रिकामं होतं.

मुलगी भिंतीशी मान खाली घालून उभी होती.

"बाई, आमच्या घरी सकाळी तासभर पाणी येतं," आई म्हणाली. "पाच माणसं, एक नळ. थेंब वाया जात नाही आमच्यात."

म्हणताना ती किंचित अडखळली. सकाळी न्हाणीघर सगळ्यांत जास्त वेळ तिच्याच ताब्यात असे. धाकटा दीर दारावर थापा मारून ओरडे, "वहिनी, बादलीला भोक पडलंय का? अर्धा तास झाला, भरेचना!" घरभर हशा पिके. आतून तीही गरजे, "कमावती बाई आहे मी, आंघोळ तरी निवांत करू द्या, मेल्यांनो!" चार वर्षं रोज हेच चाललं होतं.

ती मुलीकडे वळली. "बोल की आता! घरी जेवत नाहीस, एवढंसं तोंड करून कोपरा धरतेस. मी म्हटलं, वयाचे नखरे आहेत. आणि इथं येऊन पाण्याशी खेळतेस? चार वर्षांपूर्वी तुझा बाप गेला, तेव्हा चार माणसांत मी डोळ्यातून टिपूस काढलं नाही. पंधराव्या दिवशी कामावर उभी होते!"

मुलगी अंगठ्याची साल काढत राहिली.

"नळ का सोडतेस गं, बाळ?" मुख्याध्यापिकांनी आवाज उतरवून विचारलं.

"रडते," मुलगी म्हणाली. "पाणी चालू असलं की बाहेर ऐकू जात नाही."

मुख्याध्यापिकांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"रडायला काय झालं? काय कमी केलं मी तुला?" आईचा आवाज चिरकला. "आणि ही असली अक्कल शिकवली कुणी?"

मुलीनं पहिल्यांदाच मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता.

"घरी सगळे तुझ्या बादलीला हसतात, आई. मी कधीच हसले नाही."