फुल व्हाइब

पैनगंगेला पूर आला, तसा तेलंगणातल्या जैनथचा मोबाइल दुकानदार कुलदीप पुलावर जाऊन रील करून आला. गढूळ पाण्यात शेंडे तेवढे वर काढून डोलणारी कपाशीची पऱ्हाटी, मागं ठेक्याचं गाणं आणि वर ठळक मराठी अक्षरांत त्याचा नेहमीचा शेरा, "फुल व्हाइब, भावांनो!" नाश्त्याच्या पोह्यांपासून नव्या चपलांपर्यंत तो सगळ्यालाच व्हाइब म्हणायचा. रील तुफान चाललं.

पूर ओसरल्यावर शेजारची भागाबाई पंचनाम्याच्या तेलुगू साहेबाला घेऊन दुकानात आली.

"माह्या वावरात आता निरा गाळ हाय, बाबू. तिथं पऱ्हाटी होती, हे साहेबाले पटूनच नाही राह्यलं. तुह्या फोनात दिसते म्हणे. दाखव ना."

कुलदीपनं आवाज बंद करून फोन पुढं केला. साहेबानं पाहिलं, मान डोलावली आणि ठळक अक्षरांवर बोट ठेवलं.

"ये क्या लिखा है?"

कुलदीपनं फोन मागं ओढला.

"सांग ना, बाबू," भागाबाई डोळे पुसत म्हणाली. "साहेबाले मराठी येत नाही, अन् मले वाचता येत नाही. काय लेहलं तू माह्या वावराबद्दल?"