एकविसांतला एक

“देवाच्या मूर्तीवर नफा कमावणारा सात जन्म झुरळ होतो!” गणेशचतुर्थीच्या दुपारी काशीच्या ब्रह्माघाटावर असं ठणकावून टोकेकर गुरुजी घरी आले, तर दारात दुर्मीळ मूर्ती विकत घेणारा दिल्लीचा शेटजी उभा. म्हाताऱ्या कुंभाराने मातीचे एकवीसच नाचरे गणपती घडवून साचा फोडला होता. त्यातला एक गुरुजींनी पन्नास रुपयांना घेऊन कपाटात जपला होता. “पाँच सौ!” शेटजी म्हणाला. गुरुजींनी उपरणं झटकलं. “हजार!” गुरुजींनी किल्ली काढली. “नफा नव्हे, दक्षिणा समजायची,” मनाशी म्हणत त्यांनी लगबगीने कपाट उघडलं. रिकामं! “अहो, पूजेची मूर्ती पहाटे माझ्या हातून भंगली, म्हणून तो नाचरा चौरंगावर बसवला,” बायको म्हणाली. “प्राणप्रतिष्ठा तुम्हीच केलीत की, डोळे मिटून!” आता तो माल नव्हता, देव होता, उद्या गंगेत जाणार. गुरुजींनी कोनाड्यातली झांज काढून पुढे धरली. “शेटजी, आरती में झांज बजाएंगे?”