पकड

सिस्टरने सलाईनची पट्टी ओढली, तशी आईच्या हाताची पातळ कातडीही तिच्याबरोबर निघून आली. आईने क्षणभर श्वास रोखला. मग शर्वरीकडे बघून म्हणाली, "तुमच्याच कारखान्याचा डिंक ना गं? चांगला धरतो."

शर्वरीने मान हलवली. अंबरनाथच्या प्रयोगशाळेत पट्टीवरचा तो पाण्यात बनवलेला अ‍ॅक्रिलिक डिंक तिनेच तयार केला होता. पट्टी घामात सुटते अशी तक्रार होती, म्हणून तिने त्यातलं आम्ल वाढवलं. त्यामुळे डिंकाच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या कातडीला घट्ट पकडून बसायच्या. त्यासाठी तिला बढतीही मिळाली होती.

सिस्टरने पट्टी ओढली त्याच आठवड्यात आई गेली. तेरावं झालं आणि शर्वरी कामावर आली. विचारपूस करणाऱ्यांशी ती नीट बोलली, डबाही खाल्ला. मग तिने डिंकातलं आम्ल निम्म्यावर आणलं आणि साखळ्या थोड्या एकमेकींत गुंतवल्या, म्हणजे तो कातडीच्या बारीक भेगांत पसरणार नाही.

"पकड कमी झालीय," तिचे वरिष्ठ पाठारे सर चाचणीचे आकडे बघून म्हणाले. "घामात सुटेल."

"सुटली तर दुसरी लावता येईल, सर."

ते गेल्यावर तिने नवी आणि जुनी, दोन्ही पट्ट्या स्वतःच्या हातावर लावून ठेवल्या. संध्याकाळी नवी ओढली. ती अलगद निघाली, काहीच जाणवलं नाही. मग जुनी ओढली. कातडी लालबुंद झाली, चांगलंच झोंबलं, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच तिला रडू आलं.